सेहेचाळीस पुस्तकांचा तक्ता

३ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं, त्याला दोन महिने झाले. गणित बायकोकडे, भाषा माझ्याकडे. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, मी घरबसल्या विमा कंपनीचे तक्ते करतो. म्हणजे वेळ माझ्याकडेच. रुक्ष व्याकरण बाद. गोष्टींच्या पुस्तकांतून भाषा शिकवणारा अभ्यासक्रम घ्यायचा. बाजारात असे चार आहेत. रविवारपर्यंत एक निवडतो. त्यात अवघड काय आहे.

४ जून
साडू सहकुटुंब चहाला. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, चष्म्याचं दुकान आहे. त्याचीही मुलं घरीच शिकतात. त्याच्या मुलीनं, कुणी न विचारता, एका खलाशाची अख्खी गोष्ट सांगितली. वीस मिनिटं. बायको कौतुकानं ऐकत होती. माझं ती असं शेवटचं कधी ऐकत होती, आठवत नाही. साडूला सहज विचारलं, अभ्यासक्रम कुठला. म्हणाला, कुठलाच नाही. लायब्ररीतून पुस्तक आणतो, वाचून दाखवतो, मुलं ऐकलेलं परत सांगतात.
साफ थापा. नाव लपवतोय.

९ जून, रविवार
निवड झाली नाही. घाई म्हणजे आधी कळस मग पाया. चारही अभ्यासक्रमांच्या याद्या एका तक्त्यात घेतल्या. एकूण सेहेचाळीस पुस्तकं. हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. साडूला हे सात जन्मात जमणार नाही.

१२ जून, दुपारी
थोरली (नऊ वर्षं) पुस्तक वाचताना सापडली. तक्त्यात एकविसावं! काढून घेतलं. आत्ताच वाचून संपवलं तर अभ्यासक्रम आल्यावर काय वाचणार? पाटी कोरी हवी. यादीतली अकरा पुस्तकं घरातच निघाली, ती माळ्यावर टाकली. मग मी काय वाचू, असं विचारत होती. म्हटलं, जरा दम धर. धाकटी (सहा) खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं एकेक अक्षर लावत बसली. ते चालेल. यादीत नाही.

१५ जून
बायकोनं विचारलं, महिन्याभरात मुलींनी काय वाचलं. तक्ता दाखवला. तिनं तो शेवटच्या रकान्यापर्यंत बघितला. मग म्हणाली, तीस तारखेपर्यंत काही सुरू झालं नाही तर भाषेसाठी मुली साडूकडे जातील, तो तयार आहे. तयार आहे! म्हणजे बोलणं आधीच झालंय, माझ्या मागे. मी जिवंत असताना माझ्या मुलींना गोष्टी सांगणार कोण, तर चष्मेवाला. जेवण गेलं नाही.
लोक म्हणतील, याच्या पोटात दुखतंय. दुखतंयच.

१८ जून
मुली रोज दुपारी साडूकडे खेळायला जातात. चांगलंच आहे. तक्त्याला शांतता लागते. आज 'चित्रांचा दर्जा' हा नवा रकाना घातला.

२० जून
साडूला रस्त्यात गाठून पुन्हा खोदून विचारलं. पुन्हा तेच, लायब्ररी. वर मला म्हणाला, तूही येत जा ऐकायला. उपकार.

२३ जून
जेवताना दोघी कुठल्यातरी हट्टी गाढवावरून खिदळत होत्या. कुठलं गाढव, विचारलं. थोरलीनं धाकटीला कोपरानं ढोसलं. धाकटीनं सांगून टाकलं की बाबांना सांगायचं नसतं, यादीतलं असलं तर ते काढून घेतात.
पूर्वी थोरली आंघोळ करतानासुद्धा दारातून मला काहीतरी सांगत असायची. तिला हे साडूनंच शिकवलं असणार. नक्की त्यानंच.

२५ जून
तीन नंबरचा अभ्यासक्रम नक्की केला. हिरवे रकाने सर्वाधिक. मागवला. आता बघतोच.

२८ जून, संध्याकाळी
खोकं आलं. मुद्दाम साडूच्या घरच्यांनाही बोलावलं, बघू देत. थोरली एकेक पुस्तक काढून हळूच बाजूला ठेवत गेली. वाचलंय. हेही. हेही. अठरापैकी चौदा. सगळी काकांनी वाचून दाखवलेली. उरलेल्या चारांपैकी दोन पालकांसाठीच्या सूचना होत्या.
साडू काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२९ जून
उरलेल्यातलं एक मी स्वतः वाचून दाखवलं. धाकटी दुसऱ्या पानाला पेंगली. थोरली शेवटपर्यंत ताठ बसून होती, पाहुण्यांसमोर बसतात तशी. संपल्यावर छान आहे म्हणाली. तिचं 'छान' मी ओळखतो.

३० जून
ठरलं. मुली भाषेला साडूकडे. मुलींना नेणं-आणणं माझ्याकडे. तेही काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. वेळापत्रक करायला घेतलं.

१ जुलै
दहाला मुलींना सोडलं. निघणारच होतो. आत वाचन सुरू झालं म्हणून चपला ठेवतात तिथं क्षणभर थांबलो. साडूचा आवाज काही खास नाही. दर पानाला घसा खाकरतो. एक मुलगी वाहून गेलेली नाव शोधत नदीकाठानं चालली आहे, असं काहीतरी. सामान्य गोष्ट.
अकरा वाजता दार उघडलं तेव्हा मी तिथंच. बाबा, तुम्ही गेला नाहीत, असं धाकटी म्हणाली. म्हटलं, गाडी सुरू होत नव्हती. सगळ्यांसमोर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.
वाटेत, ती नाव मुळात वाहून कशी गेली, एवढंच विचारलं. थोरलीनं आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, थांबा, पहिल्यापासून सांगते. सांगायला लागली. मी वळसा घालून लांबच्या रस्त्यानं गेलो. अख्खी गोष्ट सांगितली तिनं मला, एकाही शब्दाला न अडता. फक्त मधूनमधून घसा खाकरत होती.