प्रमोदचे बूट आणि माझी करंगळी

९ मार्च
चंद्रपूरच्या बसच्या कंडक्टरनं खोकं हातात ठेवलं. आत बूट. प्रमोदनं, माझ्या धाकट्या भावानं, स्वतः शिवलेले. चामड्याचे, घोट्याच्या वर चढणारे. यांना हायटॉप स्नीकर म्हणायचं म्हणे. नाकाला लावले आणि मनानं थेट जटपुरा गेटजवळच्या दुकानात, बाबांच्या पाटाशेजारी जाऊन बसले. तोच वास. चामडं, खळ, थोडी बिडी.
फोन केला. "ताई, उद्यापासून रोज घालजो. चिखल, काटे, पाणी, काई सोडू नोको. अन् खरं सांगजो. बहीण म्हणून नोको, गिऱ्हाईक म्हणून."
म्हटलं, गिऱ्हाईकाले फुकट काऊन देऊन राह्यला?
हसला नाही. म्हणजे मामला गंभीर आहे.

१० मार्च
पहिला दिवस. माझ्या राखणीतलं जंगल, पूर्ण बीट चालले, नाल्यापासून वरच्या पहाडीपर्यंत. सोबत नेहमीप्रमाणे आमचे वनमजूर मंगरूभाऊ. "मॅडम, हे तं लग्नात घालाचे बूट दिसते." मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायकांनीही आधी पाय पाहिले, मग तोंड.
घोटा छान धरून ठेवतात. ओल्या दगडावर घसरले नाहीत. तळ थोडा कडक, होईल मऊ.

१४ मार्च
आज सगळं बोलला. दुकानात कोणी येत नाही. लोक मोबाइलवर बूट बघतात, घरपोच येतात. मग त्याच्या डोक्यात आलं, वनरक्षक बायकांसाठी करू. खरंच आहे, बाजारात आमच्या पायाचा असा बूट मिळत नाही. पुरुषांचा घ्यायचा आणि दोन मोजे घालून रेटायचा. शेजारच्या बीटची शालू आणि बाकीच्या म्हणाल्यात, ताईच्या पायात तेंदूपानांच्या हंगामापर्यंत टिकले तर आम्ही सगळ्या घेतो. घेतले तर दुकान राहील. नाही तर पावसाळ्याआधी शटर खाली, आणि प्रमोद पुण्याला, बायकोच्या भावाच्या बुटांच्या शोरूममध्ये. "दुसऱ्याचे डबे उघडून दाखवाचे, दुसरं काय."
सगळे बूट बाबांनी माझ्यासाठी तासलेल्या फर्म्यावरून, पायाच्या आकाराच्या त्या लाकडी ठोकळ्यावरून होणार. बाईच्या पायाचा बाबांच्या हातचा तेवढाच उरलाय, बाकी वाळवीनं खाल्ले. त्याचाच नमुना देऊन लहानमोठी मापं बाहेरून करून घेणार.
म्हणजे माझ्या पायावर अख्खं दुकान उभं. बरं आहे, वजन पेलायची सवय आहे.

२२ मार्च
जाळरेषेचं काम, वणवा अडवायला गवत जाळून पट्टा मोकळा करायचा. गरम राख, खुंट, वर ऊन. तळ वितळला नाही, एक टाका उसवला नाही. शाब्बास पम्या.
नोकरी लागली त्या वर्षीचं आठवलं. बाबांनी मला दुकानाच्या उंबऱ्यावर बसवलं, पाय तळहातावर घेतला आणि अंगठ्यानं एकेक हाड चाचपलं. "पोरीचा पाय हाय का पाखराचा? हा जंगल चालन?" मग शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा ठोकळा घेऊन तासत बसले. मी आरीला मेण लावून देत होते आणि उगाच बडबडत होते. त्या फर्म्यावरचे पहिले बूट घालून मी ट्रेनिंगला गेले, सगळ्या मुलींत माझेच बूट बघण्यासारखे.
बाबांची फार आठवण आली. जाळरेषेवर उभी राहून रडले. धुराचं निमित्त होतंच.

३० मार्च
उजव्या पायाची करंगळी बोलायला लागली आहे. मोजा असेल. मोजा बदलला.
प्रमोदला सांगितलं, छान आहेत.

६ एप्रिल
मोजा नव्हता. फोड आला, आज फुटला. डाव्या पायालाही तिथंच लाल.
मंगरूभाऊ: "मॅडम, तुमी एका अंगानं चालून राह्यल्या."
म्हटलं, काटा गेला.
"दोन्ही पायात?"
त्यांना म्हटलं, भाऊ, वाघाचे माग बघा, माझे नका बघू.
मिठाच्या पाण्यात पाय घालून बसले आहे. चामडं चांगलं, शिवण चांगली, तळ चांगला. मग उरलं काय ते मला कळतंय. आज लिहायचं नाही.

७ एप्रिल
लिहून टाकते. फर्मा बसत नाही.
बाबा चुकले नव्हते. तासला तेव्हा तो माझाच पाय होता. पण त्यानंतर सगळी नोकरी चालण्यात गेली, एक बाळंतपण झालं, चवडा पसरला. घरी आल्यावर चप्पल, बाकी वेळ अनवाणी. शालूचे पाय तरी कुठे वेगळे आहेत? ज्या मुलीचा तो फर्मा आहे, ती मुलगी आता कुठेच नाही. असतील तर तिचे तेवढे पाय आहेत, चंद्रपूरला, फडक्यात गुंडाळलेले. प्रमोद दिवाळीला त्यांना तेल लावतो.
त्याला सांगितलं तर त्याला बाबांच्या फर्म्याला हात लावावा लागेल. त्यापेक्षा तो स्वतःचा हात कापून देईल. नाही सांगितलं तर माझ्या करंगळीचं जे झालं तेच शालूचं.

२० एप्रिल
शालू आली होती. तिचं माझं माप एकच. माझे बूट घालून क्वार्टरच्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "मस्त हाय वं ताई! आमचं पक्कं. सांग तुया भावाले."
दोन फेऱ्यांत मलाही मस्तच वाटले होते.
संध्याकाळी प्रमोद. आवाजातच नाचत होता. शालूनं परस्पर फोन केला म्हणे. त्यानं चामडंही मागवून टाकलं. "बाबाचा फर्मा हाय म्हटलं ताई, चुकन कसा?"
मी म्हटलं, जेवलास का?
लाज वाटली स्वतःची.

२१ एप्रिल
सांगितलं. सकाळीच, बीटवर निघायच्या आधी, नाही तर धीर झाला नसता.
"पाय सुजला असन तुया."
नाही रे.
"मोजे जाडे घातले असन."
नाही, पम्या. फर्मा अरुंद पडतो. करंगळीकडून.
मागून रस्त्यावरच्या ऑटोचे आवाज येत होते. मग, "म्हणजे बाबानं तासलं ते चूक?"
तसं नाही म्हणत मी, म्हणेपर्यंत फोन बंद.

२ मे
फोन नाही. मी केला, उचलला नाही. त्याची बायको म्हणाली, दुकानात जातात, शटर अर्धं उघडतात आणि नुसते बसून राहतात.
तेंदू सुरू झालं. मी अजून तेच बूट घालते, करंगळीला कापूस बांधून. मंगरूभाऊ म्हणतात चप्पल घाला. हट्ट आहे, दुसरं काय. आमच्या घरात तो कुणाला कमी नाही, बाबांपासून सगळ्यांना पुरून उरला आहे.
शालूला म्हटलं, थोडं थांब. "काऊन? काई गडबड झाली का?" म्हटलं, गडबड नाही, काम चालू आहे. खोटंच.

१७ मे
तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवरून संध्याकाळी परतले तर क्वार्टरच्या पायरीवर प्रमोद. शेजारी पिशवी. वाळलाय. मी पायरीवर टेकून लेस सोडायला लागले, तर म्हणाला, "काढू नोको. आधी चाल."
चालले. तो अंगणात गुडघ्यावर बसून बघत होता. जिथं चामडं बाहेर फुगतं तिथं त्यानं बोट ठेवलं. बरोब्बर करंगळीवर. मी आई गं म्हटलं. त्यानं मान हलवली.
मग पिशवीतून कागद काढला, जमिनीवर अंथरला. म्हणाला, आता काढ, उभी राह्य, अन् पाण्याची घागर घे कमरेवर.
घागर म्हटल्याबरोबर मला हसू आलं आणि रडूही. बाबा बाईमाणसाचं माप असंच घ्यायचे. संध्याकाळी, दिवसभराचं चालणं झाल्यावर, उभं करून, अंगावर वजन देऊन. "बाई कधी रिकाम्या हातानं चालते का?" गिऱ्हाईक बायका लाजायच्या, दुकानात हशा. माझं माप मात्र त्यांनी बसवून घेतलं होतं, सकाळी, कारण ट्रेनिंगला दोनच दिवस उरले होते. लेकीला उभं ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं असेल.
प्रमोदनं पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग फडकं सोडून फर्मा त्या रेघेच्या आत ठेवला. सगळीकडून रेघ बाहेर उरली, करंगळीकडे तर बोटभर. दोघंही बघत बसलो. त्यानं बाबांच्या रापीच्या खुणांवरून अंगठा फिरवला.
"मले वाटे, हा दुकानात हाय तोवर बाबा हायेत."
मलाही तसंच वाटायचं रे, म्हटलं.
जेवताना त्यानं मन मोकळं केलं. दोन रस्ते. एक, याच फर्म्यावर चामड्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकून तो रुंद करायचा. बाबाही जुन्या गिऱ्हाइकांचे पाय वाढले की तेच करायचे. सोपं आहे, पण मग हा फर्मा परत असा होणार नाही. दुसरा, नवीन तासायचा.
मग तास ना.
"मले तासता नाई येत, ताई." ताटाकडे बघत म्हणाला. "आजवर त्याइच्याच फर्म्यावर शिवलं. बाबा म्हणे, शिकवीन. मी म्हणो, घाई काय हाय."
त्याला अजून एक भाकर वाढली.

१८ मे
पहिल्या बसनं गेला. कागद नेला. फर्म्यांची जोडी माझ्याकडेच ठेवली, फडक्यासकट.
"तू ठेव. हाताशी राह्यला तं मी घाबरून यालेच खिळे मारीन."
बस सुटली तरी खिडकीतून ओरडत होता, ते बूट घालू नोको आता, चप्पल घाल.
शालूला खरं सांगितलं. म्हणाली, पाऊस लागेपर्यंत थांबतो आम्ही, पुढं नाही थांबवत. बरोबरच आहे तिचं.

२६ मे
प्रमोदचा फोन. शिवणीचं लाकूड मिळालं, आरागिरणीतून, पावतीसकट. ते मी विचारलंच. पहिला ठोकळा तासता तासता टाचेत फुटला. दुसऱ्याचा अंगठा झाला आहे, करंगळी राहिली आहे. तिथंच येऊन अडलोय म्हणाला.
म्हटलं, आज राहू दे, उद्या कर.
"नाई ताई, आज करतो," म्हणाला, आणि फोन चालूच ठेवून तासायला बसला. मी कानाला लावून ऐकत होते.