झाडांमधली फट

नाना,

गोल्फ खेळताना झाडांत चेंडू गेला की माणसाला आधी फट दिसते, असं तुम्ही म्हणायचात. बाहेर यायची मोकळी जागा बाजूला ढळढळीत असते, ती दिसत नाही. दोन बुंध्यांमधली वीतभर फट दिसते आणि पलीकडचा झेंडा दिसतो. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून हे लिहितेय. चहा गार झालाय, वर आई झोपली आहे, आणि सकाळपासून मलाही तेवढी फटच दिसतेय.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून नीट सांगायला हवं. आईला कॅन्सर आहे. एकदा गेला होता, आता परत आलाय आणि यकृतापर्यंत पोचलाय. इथले डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, आता औषधांनी नुसता त्रास होईल, घरी न्या, दुखणार नाही एवढं आपण बघू. मुंबईच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, एक नवीन औषध आहे, देऊन बघता येईल. त्यांच्या एका पेशंटला त्याने एवढा फरक पडला, की ती बाई स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. नाना, त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण हल्ली मी तिच्याच भरवशावर जगतेय.

तुमचं गोल्फ हा आपल्या घरातला चेष्टेचा विषय. नामपूरच्या कांदेवाल्या घरातला माणूस अंबडच्या कारखान्यात लागला, चढत चढत मॅनेजर झाला, आणि एका रविवारी साहेबांना चौथा गडी कमी पडला म्हणून मैदानावर गेला तो कायमचाच. आई म्हणायची, "उनमा हिंडनं शे, ते मळामा काय वाईट व्हतं?" तुमच्यासोबतचे डॉक्टर आणि बिल्डर दरवर्षी नवी, आणखी लांब मारणारी काठी घेऊन यायचे आणि जीव खाऊन मारायचे. तुम्ही आधी नुसते उभे राहायचात. वारा त्र्यंबकच्या डोंगराकडून येतोय का ते बघायचं, मग शेताला पाणी भरताना बघतात तसा जमिनीचा उतार बघायचा, आणि मग तुमचा ठरलेला प्रश्न, "घाण कुठे आहे?" घाण म्हणजे तळं, वाळूचा खड्डा, झाडी. ती ठरली की तिच्यापासून लांब, हिरवळीच्या मध्यावर मारायचं. झेंडा कोपऱ्यात असला तरी मध्यावरच.

मला कॉलेजात असताना तुम्ही सोबत न्यायला लागलात. एकदा तळ्यावरून मारायला मी मोठ्या तोऱ्यात काठी काढली, तर तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "तुझा चेंडू कुठवर जातो?" मी पलीकडचा दगड दाखवला. "तो एकदा गेला होता. रोज कुठवर जातो ते सांग." सगळ्यांसमोर बोललात. मला भयंकर राग आला होता. आता मुंबईची ती चालत गेलेली बाई मनात आली की मागोमाग तुमचाच आवाज येतो, आणि रागही तेवढाच येतो.

पण आज आठवतोय तो आई मैदानावर आली होती तो दिवस. वर्षाची मोठी मॅच, घरच्यांनाही बोलावलेलं. आई मंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीये, डोक्यावर पदर आणि पदरावर तुमची पांढरी टोपी. तुमचा चेंडू जातो तो नेमका समोरच्या बाभळींत. मी निवांत आहे, कारण अशा वेळी तुम्ही काय करता ते सगळ्या मैदानाला पाठ आहे. आडवा, वेळ पडली तर मागे, पण आधी बाहेर काढायचा. एक फटका गेला तर गेला. तुम्ही मोकळ्या बाजूला बघता. मग मंडपाकडे बघता. मग लोखंडी काठी काढून बाभळींच्या फटीतून सणसणीत मारता. चेंडू बुंध्यावर आपटून आणखी आत जातो. तुम्ही परत मारता. परत तेच. जोडीदार म्हणतो, "सर, बाहेर काढा ना आधी." तुम्ही ऐकत नाही. शेवटी चेंडू उचलून खिशात घालता आणि काट्यांनी ओरबाडलेले हात घेऊन बाहेर येता, तर आई टाळ्या वाजवतेय. "कितला जोरमा मारा!"

गाडीत ती मागे झोपली होती. मी विचारलं, नाना, तुम्ही असं कसं केलंत? तुम्ही आरशातून तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ती बघत होती ना. तिच्या डोळ्यांदेखत मागे कसा मारू?" आणि हसलात. मीही हसले. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी पाहुण्यांना तुमची नक्कल करून सांगायचे.

आता ती माझ्याकडे बघत असते. आज सकाळी तिने माझं मनगट धरलं. सुया टोचून टोचून तिच्या हाताच्या शिरा काळ्या पडल्यात, तरी पकड तीच, भाकरी थापणारीची. म्हणाली, "माले घर लई चाल, बाई. आते बस झायं." मी म्हटलं, आधी पेज खा. तिने माझ्याकडे बघत बघत दोन घास खाल्ले, माझ्यासाठीच. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "त्या म्हणतात तसं कर. ऐक त्यांचं." त्याचं बरोबर आहे. डॉक्टरांचंही बरोबर आहे. काय करायला हवं हे मला कळत नाहीये असं नाही. मला ते चांगलं कळतंय, आणि हेच सोसवत नाही. इथे प्रत्येक जण मला आडवा मारायला सांगतोय आणि मी काठी आवळून फटीकडे बघतेय.

मला आशा आहे म्हणून नव्हे. आशा संपलीये, नाना. घरी नेलं तर ती माझ्यासमोर तिच्या पलंगावर जाईल, मुंबईला नेलं तर परक्या भिंतीकडे बघत जाईल. एवढाच फरक, आणि तो केवढा आहे ते मला माहीत आहे. तरी तिच्या डोळ्यांदेखत हात खाली कसे सोडू? तुमच्या शहाणपणावर मी आयुष्यभर चालले, नोकरी, लग्न, घर, सगळं मध्यावर मारलं. पण त्यात ह्याचं उत्तर नाही. तुम्ही एक फटका सोडून द्यायचात, कारण तुमच्यापुढे आणखी मैदान शिल्लक असायचं.

तुमची गोल्फची बॅग इतकी वर्षं माझ्या गाडीच्या डिकीत आहे. गाड्या बदलल्या, ती नव्या गाडीत गेली. कधी खेळले नाही, पण काढवत नव्हती. आज सकाळी काढली आणि घरी माळ्यावर ठेवली. जागा हवी होती.

हा कागद पर्समध्येच राहील, दुसरीकडे कुठे जाणार? मध्येच वर जाऊन आले. आई जागी होती. म्हणाली, "उद्या घर जावानं ना?" मी हो म्हटलं. ती हसली, किती दिवसांनी. नाना, डिकीत तिचे कपडे आहेत आणि मुंबईला न्यायची फाईल.