डावीकडचं टुंग टुंग

४ मार्च
डावा आरसा पुन्हा गेला! माझ्या दवाखान्याच्या पार्किंगमधला खांब आज जरा पुढे सरकला असावा. वॉचमन म्हणतो, "मॅडम, खांब आहे तिथेच आहे." त्याला कोणी विचारलं होतं?

नवरोबाने आरसा पाहिला, मग मला पाहिलं आणि गप्प बसला. याचं गप्प बसणं भांडणापेक्षा वाईट.

५ मार्च
आज जेवताना त्याला कंठ फुटला. "डोळे दाखवून ये ना एकदा." मी! कपाळाला दिवा आणि डोळ्यांना भिंग लावून लोकांच्या दाढांमधली केसाएवढी चीर शोधणारी मी! आज सकाळीच एक शोधली, एक्स-रेमध्येसुद्धा दिसत नव्हती. म्हटलं, तू आधी तुझे कान दाखव, दाराची बेल वाजून वाजून थकते.

मग म्हणे, ड्रायव्हर ठेवू. ताटावरून उठलेच. ती लाल सेडान मी माझ्या कमाईने घेतली आहे. दिवसभर परक्यांच्या तोंडात वाकून बसल्यावर तो क्लच दाबून तिसऱ्यातून चौथ्यात जाते, तेवढीच काय ती माझी चैन. तिथे दुसरं कोणी बसून गिअर खरवडणार? मी मेल्यावर घ्या म्हणावं किल्ली.

८ मार्च
नवरोबा शरण! "ड्रायव्हर नको तर नको. पण गाडी तरी नवी बघ." आणि बघायची कुठली, तर नेमकी माझ्या गाडीच्या जन्माच्या वैरिणीची, त्या दुसऱ्या कंपनीची, नवी सेडान. तिला रडार आहे, कॅमेरे आहेत, काय काय आहे. ज्याला आपल्या गाडीचं बॉनेट कसं उघडतं ते ठाऊक नाही, तो मला सेन्सर शिकवतोय! जाणार आहे. निव्वळ नावं ठेवायला.

११ मार्च
चालवली एकदाची.

सेल्समन शेजारी. टायची गाठ इतकी घट्ट की शब्द बारीक होऊन बाहेर येत होते. "मॅडम, स्पोर्ट मोडमध्ये आवाज ऐका." ऐकला. चांगला घुमला की! मग कळलं, इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडतात. म्हणजे कवळी लावून हसायचं आणि वर दात माझेच म्हणायचं.

स्टीअरिंग लोण्यासारखं. रस्ता हाताला कळतच नाही. माझ्या गाडीत खडा लागला तरी मनगटाला निरोप येतो. सीट मात्र पाठीला छान धरते. आणि उड्डाणपुलाच्या वळणावर वैरीण अशी काही चिकटून गेली की माझ्या तोंडून "अरे वा!" निघालं. सेल्समनने ऐकलं. चडफडले.

पण ते टुंग टुंग! सारखं. डावीकडे सरकलात, टुंग. डावीकडे कोणीतरी आहे, टुंग टुंग. डावीकडे काहीही नव्हतं! नवऱ्याचंही हेच — "डावीकडे बाई आहे, डावीकडे स्कूटर आहे." तो घरी फुकट मिळतो, हिच्यासाठी पैसे कोण मोजणार?

सेल्समनला म्हटलं, सेन्सर बिघडलाय तुमचा. तो ओशाळला. दुसरी गाडी देतो म्हणाला.

१२ मार्च
माझ्या गाडीने दवाखान्यात गेले, आले. एकदाही टुंग नाही. याला म्हणतात संस्कार.

१४ मार्च
अवकाळी पावसाची भुरभुर, आणि दुसरी गाडी. रंग वेगळा, खोड तीच. टुंग टुंग टुंग! म्हटलं, उतरा आणि तुम्ही चालवा. त्याच रस्त्याने त्याने चालवली. गाडी गप्प! चिडीचूप! म्हटलं, वा, माणूस ओळखते वाटतं. तो हसला नाही.

पुन्हा मी बसले. सिग्नल सुटला, मी डावीकडे वळायला लागले, आणि गाडीने स्वतःच करकचून ब्रेक लावला. पट्टा छातीत रुतला. मी तोंड उघडलं, शिव्या तयार होत्या. तेवढ्यात बॉनेटसमोरून एक सायकल गेली. बाई होती. मागच्या सीटवर पिवळा रेनकोट घातलेली मुलगी. बाईने माझ्याकडे असं पाहिलं!

कुठून आली ती? सेल्समन हळूच म्हणाला, "केव्हाची शेजारून चालली होती, मॅडम."

पिवळा रेनकोट. आणि मला दिसला नाही.

परतताना गाडी त्याने चालवली.

१५ मार्च
टॅक्सीने गेले. नवऱ्याला सांगितलं, गाडीत पेट्रोल नाही. काल टाकी भरली होती ते त्याला माहीत आहे.

१९ मार्च
डोळ्यांच्या दवाखान्यात. कोणाला न सांगता.

एका पांढऱ्या घुमटात तोंड खुपसायचं, एक डोळा झाकलेला, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी इमानाने दाबत होते. मध्येच किती तरी वेळ ठिपकाच नाही. मशीनपाशी बसलेल्या मुलीला म्हटलं, ताई, तुमचं मशीन बंद पडलंय.

"चालूच आहे, मॅडम," ती म्हणाली.

एवढी घाबरल्याचं आठवत नाही.

२१ मार्च
काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डावीकडचं बरंचसं गेलं आहे, ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून टिकेल, बहुधा. डॉक्टर म्हणाल्या, "मधली नजर शेवटपर्यंत उत्तम राहते, म्हणून कळत नाही. आणि तुम्ही तर दिवसभर भिंगातून बघता, बाजूचं लागतंच कधी?" दाढेची चीर दिसते, लेकरू दिसत नाही. शाबास!

गाडी चालवायची नाही. आजपासून. किल्ली नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान एकदा तरी म्हणेल, "बघ, मी सांगत होतो." म्हणाला नाही. थेंब कधी कधी घालायचे तेवढं विचारलं. मग मी रडले. गाडीसाठी रडले, खोटं कशाला लिहू!

२४ मार्च
सेल्समनचा फोन. गाडीचं काय ठरलं? म्हटलं, डोळे गेलेत हो माझे, आता कोणाचीच गाडी नको. "मग सरांचं काम झालं म्हणायचं," म्हणाला. कोण सर? "तुमचे मिस्टर. आधीच येऊन गेले होते. आमच्याकडची एकेक गाडी चालवायला लावली मला. एकच विचारत होते, डावीकडून कोणी आलं तर सगळ्यात मोठ्याने कुठली ओरडते? म्हणाले, माझं ऐकत नाही ती, गाडीचं ऐकेल."

शोरूमपर्यंत कशाला गेलास रे? मला सरळ सांगायचं होतंस — सांगितलं होतंस.