बाबांचे कान

घरून,
६ जून

चि. बारक्यास,

अ. उ. आ. आणि त्याहून जास्त तक्रारी.

पत्राला उशीर झाला, कारण टेबल सापडत नव्हतं. थट्टा नाही करत. बाबांनी भंगारवाल्याकडून आणखी व्हॅक्यूम क्लीनर आणलेत आणि टेबलावर आता त्यांचाच संसार मांडलाय. पलंगाखाली पाइप, खिडकीत धुऊन वाळत घातलेल्या गाळण्या, कपाटासमोर मोटरींची रांग. कपाट उघडायचं तर दोन मशिनं उचलून दारापाशी ठेवायची, की मग दार उघडत नाही. काल पेपरवाल्याकडून पेपर मी खिडकीतून घेतला.

पण तक्रार करू कुठल्या तोंडानं? याच मशिनांवर घर चाललंय. बाबांची पेन्शन भाड्यातच संपते. नवं मशीन परवडत नाही अशी माणसं आपल्याकडे येतात, दुरुस्त केलेलं जुनं निम्म्याहून कमी पैशांत घेऊन जातात, आणि बाबांच्या हातचं मशीन सहसा परत येत नाही. ते नाव राखायचं म्हणून मी इथे खिळले आहे. कान गेल्यापासून त्यांना मोटरीचा आवाज येत नाही, हे तुला मी कितीदा लिहिलं. ते मोटर सुरू करतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी समोर बसून, ओठ नीट हलवत सांगायचं, की मोटरीतला कार्बन ब्रश करकरतोय, बेअरिंग शिट्टी मारतंय, पंखा कुठेतरी घासतोय. मग ते मान डोलावतात आणि मशीन खोलतात. गॅसवर भाजी असो, डोक्यावरून पाणी घेतलेलं असो, हाक आली की जायचं. शेजारीण परवा म्हणाली की मी बोलताना हल्ली चेहऱ्याऐवजी हवेत बघते. काय करू, कान सतत त्या खोलीकडे लागलेले असतात.

आता मुद्द्याचं. मुलींच्या वसतिगृहाच्या मोठ्या बाईंचं पुन्हा पत्र आलंय. सहायक रेक्टरची जागा एक जुलैपर्यंत माझ्यासाठी ठेवतील, त्यानंतर नाही. पुढच्या वर्षी माझं वय त्यांच्या नियमात बसणार नाही, म्हणजे हे शेवटचंच. राहायला स्वतंत्र खोली आहे, बारक्या! पलंग, टेबल, आणि मधे नुसती मोकळी जमीन. याआधी दोनदा मी नाही कळवलं. या वेळी मला जायचंय, अगदी मनापासून जायचंय. बाबांना तू तुझ्याकडे नेशील का? वहिनीशी बोलून लवकर लिही.

पोराचा गालगुच्चा घे. लोभ आहेच तुझा, या खेपेला त्याच्या जोडीला उत्तरही असू दे.

तुझी ताई

———

१३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग खरोखर घातला असता, पण आमच्या खोलीत तेवढी लांबी नाही.

पत्र वाचून आम्ही दोघंही खूश झालो. तू रेक्टर झालीस तर त्या मुलींची मात्र धडगत नाही. लहानपणी अभ्यास चुकवला म्हणून तू मला कोळ्याच्या जाळ्याच्या कोपऱ्यात उभं केलं होतंस, ते मी अजून विसरलेलो नाही. तुझ्या वहिनीलाही आजच सांगून ठेवलं, की मुलगी असती तर तुझ्या वसतिगृहात घातली नसती.

पण ताई, जरा थंड डोक्यानं विचार कर. तुझ्याशिवाय बाबांचं कसं व्हायचं? इथे सातव्या मजल्यावर दोन खोल्या, पोराची दहावी, वहिनीची बदलती ड्यूटी. बाबांचा जीव गुदमरेल. आणि मशिनं? ती कुणाच्या कानानं दुरुस्त होणार? एवढं वर्ष काढ, पोराची परीक्षा होऊ दे, मग बघू. वसतिगृहं काय, दुसरीही असतात. तू समजूतदार आहेस म्हणून हक्कानं लिहितोय.

बाकी इकडची गंमत ऐक. शेजारच्या काकूंचा मिक्सर घरघरायला लागला. दुकानदार म्हणाला नवाच घ्या. मी म्हटलं थांबा. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली, आणि बेअरिंग असं साफ कळलं की बोलायची सोय नाही! काकू बघतच राहिल्या. मी सातेक वर्षांचा असताना बाबांनी शिकवलेलं. त्यांच्या कारखान्यात विणकाम खात्यात एवढा गोंगाट, की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नसे. सगळे फिटर मोटरी अशाच तपासायचे, हाडानं. कानाचं तिथे कामच नव्हतं. बापाची विद्या पोरात उतरली म्हणून वहिनीनं मला दुसऱ्यांदा चहा दिला.

बाबांना नमस्कार. रागावू नकोस. माया आहे तेवढी पातळ न करता जपून ठेव.

तुझा बारक्या

———

घरून,
२१ जून

बारक्यास,

आशीर्वाद सवडीनं.

तुझं पत्र दारात उभ्यानं वाचलं आणि तशीच उभी राहिले. विणकाम खात्यात कानाचं कामच नव्हतं, हे तू किती मजेत लिहून गेलास.

मी आधी स्वतः करून पाहिलं. बाबा अंघोळीला गेले तेव्हा कानांत कापसाचे बोळे घातले, एक मोटर सुरू केली आणि तू लिहिलंस तसा स्क्रूड्रायव्हर लावला. डोक्यातच कुणी शिट्टी वाजवावी तसं बेअरिंग ऐकू आलं. तरी म्हटलं, म्हातारपणी विसरले असतील. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते असं सांगून निघाले आणि कोपऱ्यावरून परत फिरले. माझी पावलं त्यांना ऐकू येत नाहीत, हे मला ठाऊकच. बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे, डोळे मिटलेले. मोटर बंद केली, कार्बन बदलला, पुन्हा तपासलं, झाकण लावलं. मग काय केलं असेल? ते झाकण परत काढून ठेवलं. मी आल्यावर ऐकायला काहीतरी हवं ना! मी पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले आणि खरंच भाजी घेऊन आले. त्यांनी मला हाक मारली, समोरचा स्टूल पुढे सरकवला. मी बसले. कार्बन चांगला वाटतोय असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

बाबांचा राग आला, खूप आला, पण त्यांना मी काही बोलले नाही. ते का करतात हे मला कळत नाही. तुझं मात्र नीट कळतं. मी चार वर्षं लिहितेय की मी त्यांचे कान होऊन बसले आहे. तुला हाडाची विद्या सातव्या वर्षापासून येते. एकदाही सुचली नाही? शेजारच्या काकूंसाठी सुचली! दरवेळी तू लिहायचास, तुझ्याशिवाय बाबांचं कसं व्हायचं. माझी समजूतदार ताई, माझी गुणाची ताई. मी ते वाचून गहिवरायचे, गाढवासारखी.

वसतिगृहाला काल होकार कळवला. तीस तारखेला सकाळी मी निघते. त्याआधी येऊन बाबांना ने, किंवा इथेच त्यांची सोय लाव. ते आता तुझं तू ठरव. पाठवणी करायला थांबू नकोस.

ताई

———

९ ऑगस्ट

चि. मोठीस,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. खोली मोकळी आहे असं लिहिलंस, बरं वाटलं.

बारक्या मला दोन पिशव्यांनिशी इथे घेऊन आला. मशिनं भंगारवाल्याला वजनावर दिली. त्यांतली निम्मी चालू होती हे मी त्याला सांगत होतो, पण भंगारवाल्याचं तोंड वळलेलं होतं. बारक्याही सामान बांधत होता. जागा सोडली. सूनबाई चांगली आहे, वेळेवर ताट देते. मला खिडकीशी खुर्ची दिलीय. खाली बघावं तर माणसं मुंगीएवढी, आणि लिफ्टचं बटण मला अजून साधत नाही, म्हणून खाली उतरलेलो नाही. घरातली सगळी चालता चालता बोलतात, फोनकडे बघत बोलतात, पाठमोरी बोलतात. मला फक्त ओठ समोर असले तरच कळतं, हे त्यांना कितीदा सांगायचं? नातू दोनदा मोठ्यानं ओरडून बोलला. आता तोही नुसता हात हलवतो. टीव्हीवर चित्रं हलतात, ती बघतो.

तुला कळलं होतं ना? स्टुलावर बसलीस तेव्हाच माझ्या लक्षात आलं. कार्बन बदललेला होता, तो चांगला म्हणालीस हे खरंच होतं. पण ते सांगताना त्या दिवशी माझ्याकडे बघेनास.

मोठे, मोटर मला कळत होती. पण मोटर मला कळते म्हटल्यावर तू स्वयंपाकघरात गेली असतीस. मशीन सुरू केलं की तू समोर बसायचीस, माझ्याकडे बघून, एकेक शब्द सावकाश बोलायचीस. दिवसभरात मला कळणारं बोलणं तेवढंच होतं. ते कार्बन-बेअरिंगचं होतं, तरी माणसाचं होतं. बापानं पोरीला नुसतं बस म्हणायचं, तर कशासाठी म्हणून सांगायचं? मला ते जमलं नाही.

आता जमवतो. परत ये. लहानशी जागा घेऊ. मी एकटा दुरुस्त करीन, तू हातही लावू नकोस. नुसती ये. इथे मी फार अडकलोय.

बाबा

———

वसतिगृह,
१७ ऑगस्ट

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून दोनदा रडले. मुलींना सर्दी झाल्याचं सांगितलं, तर त्यांनी मलाच काढा पाजला. इथे जेवणाच्या वेळी इतक्या जणी एकदम बोलतात की तुमच्या विणकाम खात्याची आठवण यावी. मला ते आवडतं. कुणाला काय झालंय हे मला विचारावं लागत नाही, आवाजावरून कळतं.

इथेही एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. जिन्यावरूनच ऐकलं, बेअरिंग गेलंय. मी कारकुनाला कारागीर बोलवायला सांगितलं आणि पुढे काही बोलले नाही. मला यातलं कळतं असं एकदा समजलं, की मला त्याच्यासमोर स्टूल मिळेल.

बाबा, मी परत येणार नाही. हे लिहायला तीन कागद फाडले. बारक्याला वेगळं पत्र टाकलंय. भंगारवाल्याकडून एक मशीन घरी आणायचं आणि पोरानं रोज तुमच्यासमोर बसून बोलायचं, असं कडक लिहिलंय. करेल की नाही, माहीत नाही. महिन्याचे शेवटचे दोन दिवस मला सुट्टी असते. मी येईन, तुम्हाला लिफ्टनं खाली नेईन, आणि समोर बसून तुम्ही म्हणाल ते बोलेन. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघेन, तेव्हा हात धरू नका.

तुम्ही एकदा जरी नुसतं बस म्हणाला असतात, तर मी बसले असते. जन्मभर बसले असते, एक जुलै आली आणि गेली हेही मला कळलं नसतं. ते तुम्हाला जमलं नाही म्हणून मी आज इथे आहे, आणि या गोष्टीचा मला आनंद होतो. तो आनंद तुम्ही मला माफ करा.

लोभ तेवढा राहू द्या. तो तोडून मी इथे आलेले नाही.

तुमची मोठी