सरूमावशीची माती

धाड, १२ फेब्रुवारी १९६३, मंगळवार

पाळकसाहेबांचा इतका राग आलाय की प्रार्थनेला बसवत नाही. आमच्या मिशन दवाखान्यातली सुईण, सरूमावशी, आज पहाटे गेली. ख्रिस्तावर तिचा जीव होता, पण घरच्यांच्या धाकानं बाप्तिस्मा राहिला. आपल्या दफनभूमीत जागा द्या, एवढंच तिनं मागितलं होतं. मी विचारायला गेले.

साहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले, "सिस्टर, माणूस कामांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासानं ठरतो. तिनं बाप्तिस्मा कुठं घेतला?"

"मग बाप्तिस्मा घेणं हे कामच नाही का, साहेब?"

साहेबांनी पुन्हा चहा फुंकला. त्यांचं थोरलं लेकरू मावशीच्याच हातावर जन्मलं, आणि हा माणूस चहा फुंकतो!

दुपारी गावातल्या माणसांनीच तिला उचललं. शेजारची शकीलाबी फाटकातून ओरडली, "सिस्टर, काऊन थांबल्या? मावशीले माती द्याले चला ना!"

मी निघाले होते. तेवढ्यात साहेब व्हरांड्यात आले, आणि मी वळून औषधाच्या बाटल्या पुसायला लागले. माझी नर्सची नोकरी त्यांच्या हातात आहे.

नाल्याकाठी तिला पुरलं म्हणे. विश्वास माझा पक्का आहे. पण मी गेले नाही.