सर्व्हर रूमला लाखेचं सील

७ डिसेंबर १९९८, सकाळी ११
पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा फॅक्स. आपला सर्व्हर ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात मोठं भोक सापडलंय म्हणे. फोनच्या लाइनवरून कुणीही, पासवर्ड न देता, आत शिरू शकतं. कुरियरनं फ्लॉपी येतेय, ती लगेच चालवा, तोवर मोडेमची वायर काढून ठेवा.
फॅक्सवर सही नाही. साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे. कुणाचा ऊस कोणत्या तारखेला तुटणार, ती अख्खी यादी माझ्या सर्व्हरमध्ये. मला वायर काढायला लावणारा हा कोण, ते आधी शोधलं पाहिजे.

८ डिसेंबर
फ्लॉपी आली. पाकीट कोपऱ्यात फाटलेलं. ऑपरेटर झुंबर म्हणाला, चार मिनिटांचं काम आहे, टाकू का? याला एवढी घाई का? आणि चार मिनिटं कशी माहीत? माझा फॅक्स वाचलेला दिसतोय. फ्लॉपी सर्व्हर रूमच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली करदोड्याला.
वरकुट्याहून मुक्ताआत्याचा फोन. चौदाला तोडणी म्हणून तिनं उसाचं पाणी तोडलंय. ऊसतोड टोळी नक्की येणार ना, विचारत होती. म्हटलं, यादी माझ्या हातात आहे, निर्धास्त राहा.

९ डिसेंबर
पहाटे पाचला येऊन पाळत ठेवणार होतो. थंडी फार. साडेनऊला पोचलो. झुंबर सर्व्हरजवळ. धूळ पुसतोय म्हणाला. तीन वर्षांत आजच दिसली?

१० डिसेंबर, दुपारी ४
उपाय सापडला. निवडणुकीत मतपेटीला लावतात तसं सर्व्हर रूमच्या दाराला लाखेचं सील. यादी शेतकी खात्याच्या प्रिंटरवर रोज आपोआप छापून येते, त्यामुळे आत जायची गरजच नाही. रीतसर पंचनामा. पंच वॉचमन सोनबा आणि कॅन्टीनच्या रंगूबाई.
झुंबर म्हणाला, "सायेब, फ्लॉपी आतच ऱ्हायली, अन् मोडेमचा फोनबी चालूच हाय."
म्हटलं, म्हणजे दोन्ही सुरक्षित. गप्प बसला. चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो.

१२ डिसेंबर
सील चार वेळा तपासलं. शाबूत. झुंबरनं दिवसभरात काहीच केलं नाही. हे जास्त संशयास्पद.

१४ डिसेंबर, सकाळी १०
टोळ्या भलत्याच गावांना गेल्या. आज छापून आलेल्या यादीत दोनशे तारखा बदललेल्या. आत्याची तोडणी थेट ११ मार्चला. धावत जाऊन सील पाहिलं. शाबूत. एमडी साहेबांनी ते स्वतःच्या हातानं फोडलं. झुंबरनं वायर काढली, फ्लॉपी टाकली. मी घड्याळ लावलं होतं. साडेतीन मिनिटं.

१५ डिसेंबर
कुणी केलं, कळलं नाही. तो फोनच्या लाइनवरून आला, एवढंच कळलं. शनिवारच्या छापील यादीवरून झुंबरनं तारखा परत भरल्या. पण टोळ्या जिथं गेल्यात, तिथला फड संपेपर्यंत हलणार नाहीत. आत्याला अजून तीन आठवडे तरी.
वरकुट्याला गेलो. ऊस वाळायला लागलाय. पाणी द्यावं तर कालवा बंद. आत्या बांधावर बसली होती. तिला सगळं सांगितलं, पंचनाम्यासकट. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.
तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काळजीनं विचारलं, "पर बाबा, तुझ्या सीलला कुणी धक्का न्हाय ना लावला?"
नाही म्हणालो.