मिगेलचे दोन इंच

मंगळवार, संध्याकाळी सात

सकाळी टीमने मिगेलला काढलं, आणि तेही माझ्या रिपोर्टवरून. बेसबॉलच्या मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, आमच्या टीमच्या पिचर्सपैकी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांपैकी, कोणाला ठेवायचं, हे ठरवायला मी डेटा बघतो. मी लिहिलं होतं, चेंडू सुटताना मिगेलचा हात महिनाभर दोन इंच खाली येतोय, खांदा थकलेला दिसतो. दोन इंच!

दुपारी सहज पाहुण्या टीमचे आकडे उघडले. आमच्या मैदानावर त्यांचेही हात एरवीपेक्षा दोन इंच खाली. सगळ्यांचेच! म्हणजे हलला होता तो हाताची उंची मोजणारा मैदानावरचा कॅमेरा. हे आधी का नाही बघितलं मी? पाहुण्यांशी ताडून बघा, असं नव्या लोकांना मीच बजावतो ना? मिगेल कामगिरीच्या यादीत तळाला होता, म्हणून मला लगेच पटलं. दुसरं काय!

घरी आल्यावर बायको, मुग्धा, म्हणाली, "अरे, नुसता बसून काय राहिलायस? कोचला फोन कर." केला. सगळं सांगितलं, परत घ्या म्हणून गयावया केली. तो म्हणाला, त्याच्या जागी दुसरा आलासुद्धा. मिगेलचा फोन पाच वेळा लावला, बंद आहे.

कोचला विचारलं होतं, मिगेल भांडला का? भांडला असता तर बरं वाटलं असतं.

"नाही रे. तुझा रिपोर्ट वाचून दाखवला. खांदा चोळत म्हणाला, हो, मलाही जाणवतंय. हात पूर्वीसारखा वर जातच नाही."